बंधनांतून घडलेला खेळ : टीम फोर्ट्रेस २ च्या स्पर्धाविश्वाचे विवेचन

१. विषय आणि प्रतिपाद्य

टीम फोर्ट्रेस २ हा सांघिक नेमबाजीचा व्हिडिओगेम व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने १० ऑक्टोबर २००७ रोजी ‘द ऑरेंज बॉक्स’ या संचातून बाजारात आणला. २३ जून २०११ पासून तो सर्वांसाठी मोफत झाला. खेळात नऊ क्लास आहेत : स्काउट, सोल्जर, पायरो, डेमोमॅन, हेवी, इंजिनिअर, मेडिक, स्नायपर आणि स्पाय. प्रत्येकाचा वेग, जीवनशक्ती आणि शस्त्रे वेगळी. कंपनीच्या सर्व्हरवर साधारणतः बारा विरुद्ध बारा असा सामना होतो. कोणी कोणता क्लास घ्यावा, किती जणांनी घ्यावा, यावर बंधन नसते.

याच खेळाची स्पर्धा मात्र सहा विरुद्ध सहा अशी होते. दोन स्काउट, दोन सोल्जर, एक डेमोमॅन आणि एक मेडिक ही तिची रूढ रचना. ती कंपनीने ठरवली नाही. युरोपातील ईटीएफटूएल, उत्तर अमेरिकेतील ईएसईए व नंतर आरजीएल, ऑस्ट्रेलियातील ऑझफोर्ट्रेस, आशियातील आशियाफोर्ट्रेस अशा लीगांतून खेळाडूंनीच ती घडवली.

येथे एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. स्पर्धात्मक खेळ हा खेळाडूंनी परस्परांशी केलेला बंधनांचा करार असतो. कंपनी त्याला फक्त कच्चा माल पुरवते. या समुदायात जी जी बातमी गाजते, ती या कराराच्या एखाद्या कलमाची कसोटी असते, आणि म्हणूनच ती बाहेरच्यांना किरकोळ वाटली तरी आतल्यांना जिव्हाळ्याची असते. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ‘एक टप्पा आउट’ हा नियम जसा जागा आणि गरज पाहून ठरतो, तसेच इथेही घडले. फरक इतकाच की इथले नियम लेखी झाले, खंडाखंडांत पसरले आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ टिकले.

२. पहिले बंधन : नशिबाची हकालपट्टी

मूळ खेळात ‘रँडम क्रिट’ नावाची तरतूद आहे. बहुतेक शस्त्रांच्या माऱ्याला अधूनमधून तिप्पट जोर येतो. दुरून मारा करणाऱ्या शस्त्रांत त्याची मूळ शक्यता २ टक्के असते आणि खेळाडूने नुकतेच जितके नुकसान केले असेल त्या प्रमाणात ती १२ टक्क्यांपर्यंत चढते. सोल्जरच्या रॉकेटचे मूळ नुकसान ९०. क्रिट लागला की २७०. सोल्जरची स्वतःची जीवनशक्ती २००, डेमोमॅनची १७५, मेडिकची १५० आणि स्काउटची १२५. म्हणजे एका रॉकेटात यांपैकी कोणीही धडधाकट गडी संपतो, आणि त्याने वा त्याच्या मारेकऱ्याने काय चूक केली किंवा काय कौशल्य दाखवले, या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

करमणुकीच्या सामन्यात हा धक्का हवाहवासा असतो. चोवीस जणांच्या गर्दीत नवख्यालाही एखादा पराक्रम करता येतो. पण स्पर्धेचा हेतू ‘कोण सरस’ हे ठरवण्याचा. म्हणून लीगांनी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये क्रिट बंद केले आणि शॉटगनसारख्या शस्त्रांच्या छऱ्यांचा फैलाव ठरावीक केला. कराराचे पहिले कलम म्हणजे निकालाचे कारण खेळाडूपाशीच सापडले पाहिजे.

३. दुसरे बंधन : काळाचे माप

सहाजणांच्या सामन्याचा कणा म्हणजे मेडिकचा ‘उबर’. जखमी साथीदाराला बरे करत राहिल्यास तो सेकंदाला अडीच टक्के भरतो, म्हणजे ४० सेकंदांत पूर्ण. वापरला की ८ सेकंद मेडिक आणि त्याचा साथीदार दोघांनाही इजा होत नाही. साथीदाराची जीवनशक्ती आधीच मूळच्या जवळजवळ दीडपटीपर्यंत चढलेली असेल, तर उबर अर्ध्या गतीने भरतो. म्हणून चकमक सुरू होण्यापूर्वी सोल्जर स्वतःच्या पायाशी रॉकेट फोडून मुद्दाम जखमी होताना दिसतात. नवख्याला तो वेडेपणा वाटतो. मेडिकला मात्र त्यातून पूर्ण वेग मिळतो.

आता एक प्रसंग मांडू. मधल्या पॉइंटवर, म्हणजे ताब्यात घ्यायच्या जागांपैकी मधल्या जागेवर, चकमक झाली. समजा आपला मेडिक मेला आणि त्या क्षणी समोरच्याचा उबर ७० टक्के भरलेला आहे. उरलेले ३० टक्के भरायला त्याला १२ सेकंद पुरे. आपला मेडिक परत यायला दहा सेकंद धरले, तरी त्याला शून्यापासून ४० सेकंद लागणार, एकूण ५०. म्हणजे समोरच्या संघाच्या हाती ३८ सेकंदांची खिडकी आहे. तेवढ्यात त्याला पुढचा पॉइंट घ्यायचा आहे. आपल्यापुढे तीन वाटा : मागे हटून ती खिडकी वाया घालवायची, एका सोल्जरला बळी म्हणून उडी मारून त्यांच्या मेडिकवर पाठवायचे, किंवा त्यांना उबर अवेळी वापरायला भाग पाडायचे. व्हॉइस चॅटवर संघ सतत टक्केवारी ओरडत असतो ती याचसाठी. समोरच्याचा आकडा दिसत नाही. तो मोजावा लागतो, मनात चालू ठेवावा लागतो.

नेमबाजीच्या या खेळात बुद्धीची कसोटी नेमकी इथे लागते. चाळीस सेकंदांचा हा ताल मोडला, तर खेळाचा आशयच हरवतो. पुढची बहुतेक बंधने हा ताल राखण्यासाठीच जन्मली.

४. तिसरे बंधन : क्लासमर्यादा आणि व्हाइटलिस्ट

संघात मेडिक एकच का? दोन मेडिक आलटून पालटून उबर भरू लागले, तर दर वीस सेकंदांनी एक उबर निघेल. मग खिडकी नाही, हिशेब नाही, एकाच्या मरणाला किंमत नाही. डेमोमॅन एकच का? त्याच्याकडे एका वेळी आठ स्टिकी बॉम्ब पेरून ठेवण्याची सोय आहे. दोघे मिळून एखादे दार असे बंद करतील की कुणी पाऊलच टाकणार नाही. स्काउट मात्र दोन चालतात, कारण तो पॉइंट घेताना दोघांच्या बरोबरीचा धरला जातो आणि खेळ पुढे ढकलतो. मर्यादांमागचे सूत्र असे : जे थांबवते त्याला आवर, जे चालवते त्याला वाव.

शस्त्रांबाबतही हेच सूत्र लागू पडते. कंपनीने वर्षानुवर्षे नवी शस्त्रे आणली. त्यांपैकी कोणती चालतील याची यादी लीग ठेवते. तिला व्हाइटलिस्ट म्हणतात. मेडिकची क्रिट्झक्रीग चालते, कारण ती ३२ सेकंदांत भरते पण इजेपासून वाचवत नाही. जोखीम घेऊन वेळ मिळवण्याचा तो सौदा आहे. व्हॅक्सिनेटर मात्र सहाजणांच्या खेळात बाद, कारण तो बचावाचे छोटे छोटे डोस देत राहतो आणि समोरच्याला मोजायला एकही स्पष्ट आकडा ठेवत नाही. सोल्जरचे गनबोट्स चालतात, कारण रॉकेट-उडीची इजा कमी करून ते हालचाल वाढवतात आणि बदल्यात दुय्यम बंदूक सोडायला लावतात.

यातून तीन निकष काढता येतात. शस्त्र खेळ थबकवते का? प्रतिस्पर्ध्याचा हिशेब अशक्य करते का? फायद्याच्या मोबदल्यात काही किंमत वसूल करते का? व्हाइटलिस्टवरचे बहुतेक वाद या तीन प्रश्नांपैकी एकावर येऊन थांबतात.

५. पूर्वपक्ष आणि उत्तर

आक्षेप असा की या बंधनांनी नऊ क्लासचा रंगीत खेळ चौघांपुरता उरला. हेवी आणि इंजिनिअर शेवटचा पॉइंट राखण्यापुरते येतात, स्पाय क्वचित दिसतो, पायरोही तसाच. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला झटकून टाकणे योग्य नाही. ज्या खेळाडूने हजार तास स्पाय खेळण्यात घातले, त्याला ‘तुझा क्लास स्पर्धेचा नाही’ असे सांगणे कठोरच आहे.

त्याचे उत्तर समुदायाने वाद घालून न देता दुसरा खेळ उभारून दिले. हायलँडर या प्रकारात नऊ विरुद्ध नऊ खेळतात आणि प्रत्येक क्लास एकेकदाच असतो. तिथे स्पायला पूर्ण सामना खेळायला मिळतो. दोन प्रकार शेजारी शेजारी नांदतात, आणि एकाच खेळाडूचे दोन्हीकडे संघ असतात. बंधनांचा करार एकच असावा लागत नाही. प्रत्येक करार आपल्या हेतूशी सुसंगत असावा लागतो.

६. बातम्यांचे वर्गीकरण

या समुदायात वर्षभर जे घडत राहते, त्याचे पाच प्रकार पडतात.

पहिला, नियमबदल : एखादे शस्त्र व्हाइटलिस्टवर आले-गेले, किंवा नकाशांच्या संचात बदल झाला. प्रोसेस, गलीवॉश, स्नेकवॉटर हे स्पर्धेत मुरलेले नकाशे मूळचे खेळाडूंनीच बनवलेले. कंपनीने ते नंतर अधिकृत केले. इथे विधिमंडळ आधी आणि राजमुद्रा मागाहून, असा क्रम दिसतो.

दुसरा, संघबदल. मेडिक किंवा मुख्य कॉलर (सामन्यात डावपेच सांगणारा गडी) बदलला की संघाचा सारा हिशेब बदलतो, म्हणून अशी बातमी निकालाइतकीच चर्चिली जाते. ऐनवेळी एखादा गडी नसेल तर बाहेरचा खेळाडू घ्यायची सोय आहे. त्याला ‘मर्क’ म्हणतात, आणि युरोपात त्यासाठी प्रतिस्पर्धी संघाच्या प्रमुखाची संमती लागते. ज्याला हरवायचे त्याच्याच होकारावर आपला संघ पूर्ण होतो, याहून कराराचा उघड पुरावा कोणता?

तिसरा, निकाल. इंग्लंडमधील इन्सोम्निया महोत्सवात युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाचे संघ समोरासमोर आले. परखंडातल्या संघांच्या विमानभाड्यासाठी सामान्य खेळाडूंनी वर्गणी काढली. फ्रोयोटेकसारख्या संघाची कीर्ती त्या वर्गणीवरही उभी आहे.

चौथा, शिस्तभंग. युरोपातल्या लीगमध्ये प्रत्येकाने आपल्या सामन्याचा ‘डेमो’ नोंदवून ठेवायचा असतो आणि मागितल्यास द्यायचा असतो. डेमोत त्या खेळाडूच्या नजरेतून सामना पुन्हा पाहता येतो. निशाणा शत्रूच्या डोक्यावर सहज आला की मशीनने ओढला, हे जाणकार डोळा एकेका क्षणात तपासतो. न देणाऱ्याला शिक्षा असते, कारण पुरावा लपवणे हाही करारभंगच.

पाचवा, कंपनीचे अपडेट. एका रात्रीत शस्त्राचा आकडा बदलतो आणि वर्षभराची समज जुनी होते. हा एकच प्रकार समुदायाच्या हाताबाहेरचा आहे, म्हणून त्याची चिंताही सर्वांत मोठी.

७. दोन प्रतिउदाहरणे

प्रतिपाद्याची खरी परीक्षा जिथे करार नव्हता तिथे होते. जुलै २०१६ मध्ये ‘मीट युवर मॅच’ या अपडेटने व्हॉल्व्हने स्वतःची सहा विरुद्ध सहा स्पर्धा खेळात आणली. क्रिट बंद केले, म्हणजे पहिले कलम घेतले. पण क्लासमर्यादा ठेवली नाही, शस्त्रबंदी ठेवली नाही. आकडा सहाच राहिला आणि त्यामागचे कारण गळाले. लीगांचे खेळाडू तिथे रमले नाहीत. ते आपल्या सर्व्हरवरच खेळत राहिले.

त्याच वर्षी, २४ मे २०१६ रोजी, ब्लिझर्डचा ओव्हरवॉच हा तसाच सांघिक नेमबाजीचा खेळ आला. त्यातही सुरुवातीला एकाच संघात एकच पात्र कितीही जण घेऊ शकत. लवकरच स्पर्धेत ती मुभा काढावी लागली. पुढे तीन टँक (मार झेलणारे) आणि तीन सपोर्ट (बरे करणारे) यांची ‘गोट्स’ रचना इतकी प्रबळ झाली की जुलै २०१९ मध्ये ओव्हरवॉच लीगने दोन टँक, दोन डॅमेज, दोन सपोर्ट असे बंधन घातले. टीम फोर्ट्रेसच्या खेळाडूंनी ज्या निष्कर्षापर्यंत आपसांत मजल मारली होती, तिथेच ही कंपनी आदेशाने पोचली. पण आदेशाला मालक लागतो. ओव्हरवॉच लीग २०१८ मध्ये सुरू झाली आणि २०२३च्या हंगामानंतर थांबली. त्या खेळाच्या स्पर्धा नव्या व्यवस्थेखाली चालू आहेत. तरी शहरांच्या नावांचे ते संघ आणि तो सारा डोलारा मालकाच्या निर्णयासरशी संपला. उलट ईएसईएने टीम फोर्ट्रेस २ सोडले तेव्हा उत्तर अमेरिकेत आरजीएलने सूत्रे घेतली. नियम खेळाडूंच्या अंगवळणी पडलेले होते. बदलायचे होते फक्त कार्यालय.

८. करारापलीकडचे दोन अडथळे

पहिला अडथळा बॉटांचा. २०२०च्या सुमारास कंपनीच्या खुल्या सर्व्हरवर आपोआप नेम धरणाऱ्या स्नायपर-बॉटांचे थैमान सुरू झाले. २६ मे २०२२ रोजी खेळाडूंनी शांततेने सामूहिक निषेध नोंदवला. जून २०२४ मध्ये पुन्हा मोहीम झाली, तिच्या निवेदनावर तीन लाखांहून अधिक सह्या जमल्या, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस बॉटांच्या खात्यांवर मोठी बंदी आली. लीगचे सामने खाजगी सर्व्हरवर पासवर्ड लावून होत असल्याने ते या काळातही चालले. तरी हानी झालीच : नवा खेळाडू खुल्या सर्व्हरवरून येतो, आणि तीच वाट तुंबली होती. करार आतल्यांना राखतो. नव्यांना आणत नाही.

दुसरा अडथळा भूगोलाचा. मुंबईचा खेळाडू सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळतो तेव्हा अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन निदान ३९ मिलिसेकंद, आणि प्रत्यक्षात केबलच्या वळणांमुळे अधिक. खेळाचा सर्व्हर सेकंदाला सुमारे ६६ वेळा, म्हणजे दर १५ मिलिसेकंदांनी, स्थिती ठरवतो. मुंबईकर त्यामुळे निदान अडीच टप्पे मागून जगतो. क्रिट बंद करता येतात, प्रकाशाचा वेग बदलता येत नाही. निकालाचे कारण खेळाडूपाशी असावे, हे पहिले कलम आशियात अजून पूर्ण पाळले गेलेले नाही. जवळच्या सर्व्हरची मागणी चैनीची नसून न्यायाची आहे, ती यामुळे.

९. निष्कर्ष

एकूण विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. बंधने मूळ खेळाच्या स्वभावातून, इथे चाळीस सेकंदांच्या तालातून, निघाली तर टिकतात. आकडा उचलून आणला तर टिकत नाहीत. नियमाची कारणे उघडपणे मांडली गेली, तर व्यवस्थापक बदलले तरी खेळ राहतो. आणि पुरावा जपला गेला, तरच विश्वास राहतो.

१८ फेब्रुवारी २०२५ रोजी व्हॉल्व्हने टीम फोर्ट्रेस २ चा प्रोग्रॅम कोड सोर्स एसडीके या आपल्या खेळ घडवण्याच्या साधनसंचात उपलब्ध केला. नियम आधीच खेळाडूंचे होते. आता यंत्राचे अंतरंगही त्यांच्यापुढे उघडे आहे. यापुढे शस्त्राचा आकडा चुकीचा वाटला तर त्यावर बंदी घालण्यापलीकडे जाऊन तो दुरुस्त करून दाखवता येईल. या अधिकाराबरोबर कर्तव्यही येते : प्रत्येक बदलाचे कारण लिहून ठेवणे, जुने डेमो आणि निकाल सांभाळणे, आणि पहिल्यांदा सर्व्हरवर आलेल्या मुलाला मेडिक एकच का असतो ते समजावून सांगणे. हे तिसरे काम सर्वांत दुर्लक्षित आहे आणि कराराची पुढची पिढी त्याच्यावरच अवलंबून आहे.