अखंड गाण्याचे तुकडे

गाण्याचा तुकडा केवढा असावा, हे गवयापेक्षा यंत्रानंच अधिक ठरवलं आहे. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांचं गाणं मुद्रित झालं, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. तासभर रंगणारा राग तेवढ्यात आटोपावा लागे. पुढं लाँगप्ले तबकडी आली, कॅसेट आली आणि १९८२ मध्ये सीडी बाजारात आली. प्रत्येकीनं आपापलं माप आणलं.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या घरांतल्या कॅसेट संगणकावर उतरवून त्यांच्या सीडी करून देण्याचं काम मी अनेक वर्षं केलं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं, तरी तिथले भाग आजही कॅम्पच्या क्रमांकानंच ओळखले जातात. तिथून 'भगत'च्या कॅसेट येत. गाणं, नाच आणि कथा यांचा रात्रभर चालणारा हा सिंधी प्रकार. भगत कंवरराम (१८८५-१९३९) यांनी तो गाजवला. गाव सुटलं, घर सुटलं, पण आवाज सोबत आला. अंबरनाथहून कीर्तनं येत, बदलापूरहून घरगुती मैफली. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं. त्यानंतर चिखलानं माखलेल्या कॅसेटही आल्या. काहींमधून आवाज परत आलाच नाही.

कॅसेटची एक बाजू म्हणजे संगणकावर एक अखंड फाईल. ती 'फ्लॅक'सारख्या प्रकारात ठेवली, तर आकार घटतो, पण आवाजातलं काहीही गळत नाही. एमपीथ्रीमध्ये मात्र कानाला फारसं जाणवणार नाही असं मानून बराच भाग कायमचा वगळला जातो.

पण तासाभराच्या सीडीत हवं ते गाणं शोधायचं कसं? त्यासाठी ट्रॅक पाडावे लागतात. सीडीवर एका सेकंदाचे ७५ भाग असतात आणि ट्रॅकची सुरुवात अशा भागाच्या सीमेवरच होऊ शकते. मध्येच कापलं, तर उरलेली जागा शांततेनं भरली जाते आणि जोडावर खट्ट असा आवाज येऊ शकतो. शिवाय ट्रॅक एकेक करून लिहिले, तर मध्ये साधारण दोन सेकंदांची पोकळी पडते. सिनेगीतांना ती चालते. आलापातून बंदिशीत जाताना पडली, तर मैफलच मोडते. म्हणून फाईल न कापता 'क्यू शीट' नावाच्या छोट्या मजकुरात फक्त वेळा लिहायच्या: अमुक मिनिटाला दुसरा ट्रॅक, तमुक मिनिटाला तिसरा. मग सीडी एका दमात लिहायची. खुणा उमटतात, गाणं अखंड राहतं.

खूण कुठं करायची, हे मात्र संगणकाला विचारू नये. शांतता दिसली की तो कापतो. आणि भगत कथा सांगताना क्षणभर थांबतो, तीही त्याला शांतताच वाटते. कीर्तनाची खूण पूर्वरंग संपून बुक्का लावतात तिथं. भगतची, कथेतून गाणं उचललं जातं तिथं. हे घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवूनच ठरवावं. गाणाऱ्याचं नाव, गाव, साल तेव्हाच लिहून घ्यावं. ती माहिती कुठल्याही फितीवर नसते.

आता सीडीही मागं पडली. तिचे ७५ भाग उद्या कुणाला लागणार नाहीत. तुकडे ही त्या त्या काळाची सोय असते. म्हणून अखंड फाईल आणि वेळांचा कागद, दोन्ही जपावं; आणि दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. नदी पुन्हा येऊ शकते.