रसद, हप्ता आणि सावकार

कर देण्याची ऐपत असणे आणि कराच्या दिवशी हाती रोकड असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. ज्याला दरमहा वेतन मिळते त्याला हा भेद फारसा जाणवत नाही. त्याचा कर वेतन हाती पडण्यापूर्वीच वळता झालेला असतो. परंतु शेतकरी, मक्तेदार, स्वतंत्रपणे व्यवसाय करणारा वकील, चित्रकार, भाषांतरकार किंवा संगणकतज्ज्ञ यांची मिळकत सुगीला, काम पुरे झाल्यावर किंवा बिल चुकते होईल त्या वेळी येते. सरकारची तारीख मात्र तिच्यासाठी थांबत नाही. या दोन तारखांमधील अंतर भरून काढण्यासाठी जे कर्ज उभे राहते, त्याचा इतिहास मराठी मुलखात निदान पेशवाईइतका जुना आहे. ते अंतर कोणी निर्माण केले आणि त्याचा खर्च कोणी सोसला, हा त्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

पेशवाईत एखाद्या महालाची मामलत कमाविसदाराकडे सोपविताना वर्षाच्या अपेक्षित वसुलाचा काही भाग त्याच्याकडून आगाऊ घेतला जाई. या रकमेस रसद म्हणत. माळव्यातील मराठी अमलात ती वसुलाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत असे. एवढी रोकड कमाविसदाराच्या घरी क्वचितच असे. तो ती सावकाराकडून दरमहा शेकडा एक ते दीड व्याजाने काढी आणि वर्षभरात वसूल येईल तसतशी फेडी. सावकार हुंडी लिहून देई आणि पुण्यास पैसा पोचता होई. रसदेवरील व्याज हिशेबात कमाविसदारास मुजरा मिळे. पैसा पिकाआधी हवा होता तो सरकारला, म्हणून त्या उतावळीची किंमतही सरकारच सोशी.

अशा व्यवहारास स्थैर्याची गरज असते. सर जॉन माल्कम याने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानविषयीच्या ग्रंथात अहिल्याबाई होळकरांच्या कारकिर्दीचे वर्णन आहे. इंदूरचा कमाविसदार खंडेराव वीस वर्षांहून अधिक काळ एकाच जागी होता, असे तो सांगतो. वीस वर्षे टिकणाऱ्या अधिकाऱ्यास सावकार निर्धास्तपणे पैसा देतो, आणि असा अधिकारीही पुढील वर्षाच्या पिकाकडे पाहून रयतेस सवलत देऊ शकतो. एका वर्षाची तूट दुसऱ्या वर्षी भरून निघते, हे तिघांनाही ठाऊक असते.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळी हे स्थैर्य नाहीसे झाले. मामलती इजाऱ्याने देण्यात येऊ लागल्या, आणि जो अधिक बोली करील त्यास महाल मिळू लागला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ च्या आपल्या अहवालात या पद्धतीचे कठोर वर्णन केले आहे. पुढच्या वर्षी पुन्हा लिलाव होई आणि महाल बहुधा त्याहून मोठी बोली करणाऱ्याकडे जाई. अशा इजारदाराला दुसरे पीक पाहावयास मिळण्याची खात्री नव्हती. सावकाराचा पैसा, त्याचे व्याज आणि स्वतःचा नफा एका वर्षातच काढणे त्यास भाग होते. कर्ज तेच, सावकारही बहुधा तेच. परंतु मुदत आखडली आणि व्याजाचा सारा भार गावावर येऊन पडला.

मराठी मुलखाच्या सीमेवरील राज्यांतही हाच क्रम दिसून येतो. गुजरात आणि माळवा या भागांत वसुलास जामीन राहून आगाऊ रक्कम भरणाऱ्या सावकारास मनोतीदार म्हणत. निजामाच्या राज्यात तालुकदार हे पुष्कळ काळ मक्तेदारच होते, आणि राज्य स्वतः सावकारांचे ऋणको असल्याने महालांचा वसूल तारणादाखल गुंतून पडे. १८५३ मध्ये पहिले सालारजंग दिवाण झाले. त्यांनी मक्तेदारांच्या जागी हळूहळू वेतनी अधिकारी नेमले आणि १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. बडोद्यात १८७५ नंतर राजा सर टी. माधवराव यांच्या दिवाणगिरीत इजाऱ्याची पद्धत मोडण्यात आली. मध्यस्थ मक्तेदार गेला, ही सुधारणा मोठीच होती. परंतु मक्तेदार गेल्याने तारखांमधील अंतर गेले नाही. आता ते प्रत्येक खातेदाराच्या दाराशी आले.

इंग्रजी अमलातील मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धतीने शेतसारा थेट खातेदारावर बसविण्यात आला. सारा रोखीत आणि ठरलेल्या हप्त्यांनी भरावयाचा. धान्य विकून पैसा येईपर्यंत हप्ता थांबत नसे. म्हणून कुणबी गावच्या सावकाराकडे जाई. १८६५ नंतर अमेरिकेतील यादवी संपून कापसाचे भाव कोसळले. त्याच सुमारास, १८६७ मध्ये, इंदापूर तालुक्याची तीस वर्षांची जमाबंदी संपून साऱ्यात भारी वाढ झाली. सावकाराने हात आखडता घेतला तेव्हा हप्ता भरण्याचा नेहमीचा मार्गच बंद पडला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि तो दक्षिणेतील अनेक गावांत पसरला. लोकांचा रोख मुख्यतः कर्जाच्या खतांवर होता. ती हिसकावून जाळण्यात आली. सारा ठरविणारे सरकार दूर होते, खत लिहून घेणारा सावकार जवळ होता.

चौकशीनंतर १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. खतावरील आकडा प्रमाण न मानता कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. विशेष हे की त्याच १८७९ साली मुंबईचा जमीन महसूल कायदाही झाला, आणि हप्ता चुकविणाऱ्यावर दंड बसविण्याची तरतूद त्यात होती. थकलेल्या रकमेच्या चौथ्या हिश्श्याचा हा दंड चौथाई या नावाने ओळखला जाई. एका कायद्याने शेतकऱ्यास सावकारापासून वाचवावयाचे आणि दुसऱ्याने त्याच सावकाराच्या दाराकडे लोटावयाचे, असा हा प्रकार होता.

त्यामागील हिशेब साधा आहे. उदाहरणादाखल चाळीस रुपयांचा हप्ता घ्यावा. तो चुकला तर चौथाई दहा रुपये. सावकाराकडून दरमहा शेकडा दोन व्याजाने चाळीस रुपये काढून ते तीन महिन्यांत फेडले, तर व्याज अडीच रुपयांच्या आतच राहते. अशा स्थितीत कर्ज काढणे हाच शहाणपणा ठरतो. परंतु पीक बुडाले आणि कर्ज तेरा महिने राहिले, तर व्याज दंडाच्या पुढे जाते. त्यानंतरही ते थांबत नाही, आणि तोवर दुसऱ्या वर्षाचा हप्ता उभा राहिलेला असतो. कर भरण्यासाठी काढलेल्या कर्जाचे हे वैशिष्ट्य आहे. त्यातून बैल येत नाही, विहीर होत नाही; त्यातून फक्त वेळ विकत मिळतो.

१८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी सरकारने तगाई देऊ केली. पण ती जमीनसुधारणा, बी-बियाणे आणि गुरे यांसाठी होती. १८८९ मध्ये बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन झाली. १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यानंतर १९०५ मध्ये त्या वेळच्या धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे शेतकऱ्यांची पतसंस्था निघाली. कर्ज स्वस्त झाले, हिशेब उघड झाला आणि व्याजाचा लाभ सभासदांतच राहू लागला. तारखेचा प्रश्न मात्र कोणत्याही पतपेढीच्या हातचा नव्हता. तो १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात पुढे आला. अतिवृष्टीने पीक गेलेल्या शेतकऱ्यांनी स्वस्त कर्ज मागितले नाही; सारा तहकूब करावा अशी त्यांची मागणी होती. सरकारने जप्त्या केल्या, चौथाई लावली. तथापि अखेरीस गरीब खातेदारांपुरती वसुली तहकूब करावी लागली.

प्राप्तिकराच्या क्षेत्रात हाच प्रश्न नव्या रूपाने आला. भारतात आगाऊ कराची पद्धत १९४४ मध्ये, महायुद्धाच्या काळात, सुरू झाली. आज स्वतंत्र व्यावसायिकाचा वर्षाचा देय कर दहा हजार रुपये वा अधिक असेल, तर तो १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या चार तारखांना हप्त्यांनी भरावा लागतो. हप्ता चुकला तर दरमहा शेकडा एक व्याज पडते. माळव्यातील कमाविसदार रसदेसाठी सावकारास देई तो दर येथून फारसा दूर नव्हता. फरक एवढाच की त्या व्याजाचा भार सरकार उचली. हे व्याज करदात्याने सरकारला द्यावयाचे असते.

या व्याजाच्या धास्तीने काढलेली सर्व कर्जे सारखी नसतात. क्रेडिट कार्डावरील थकबाकीचे व्याज अनेकदा दरमहा शेकडा तीनच्या वर जाते. शेकडा एक चुकविण्यासाठी शेकडा तीन पत्करणे हा सुप्याच्या कुणब्यालाही न पटणारा हिशेब आहे. मागणीची नोटीस येऊनही कर थकविला तर निराळा आणि भारी दंड बसू शकतो, हे खरे. तेव्हा स्वस्त आणि अल्प मुदतीचे कर्ज उपयोगी पडते. मात्र ज्या बिलाच्या भरवशावर ते काढावयाचे, त्या बिलाची तारीख पक्की असली पाहिजे.

अलीकडच्या ज्या सुधारणा खरोखर उपयोगी ठरण्याजोग्या आहेत त्या कर्जाच्या नसून तारखेच्या आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे. २००६ च्या कायद्याने नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते करण्याचे बंधन ग्राहकावर घातले. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागते. सेवा देणारा एकटा व्यावसायिकही अशी नोंदणी करू शकतो. ठराविक व्यवसायांतील लोकांसाठी २०१६-१७ पासून जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरण्याची सोय झाली. ती स्वीकारणाऱ्यास चार हप्त्यांऐवजी १५ मार्चचा एकच हप्ता पुरतो.

दोनशे वर्षांच्या या व्यवहारात सावकार बदलला, खताच्या जागी करार आला आणि हुंडीच्या जागी पडद्यावरचा आकडा आला. कमाविसदाराच्या हिशेबातील मुजऱ्याची ती एक ओळ मात्र आजच्या आगाऊ कराच्या हिशेबात नाही. ती येईपर्यंत स्वतंत्र व्यावसायिकाने प्रत्येक जमेतून कराचा वाटा वेगळा काढून ठेवणे, हीच त्याची रसद होय. आणि तिच्यावर व्याज मागणारा कोणी नसतो.