गात्तो: राणीचं लग्न आणि नेपल्सचा बटाटा

आज आपण एका शब्दाच्या मागे जाणार आहोत. शब्द आहे 'गात्तो'. इटलीतल्या नेपल्समध्ये बटाट्याचा एक भाजलेला पदार्थ घरोघरी होतो, त्याचं हे नाव.

आधी पदार्थ समजून घेऊ. बटाटे उकडून गरम असतानाच कुस्करायचे. त्यात अंडी, लोणी आणि किसलेलं मुरलेलं चीज मिसळायचं. भांड्याला लोणी लावून पावाचा चुरा भुरभुरायचा, निम्मं मिश्रण थापायचं. मग सारण: गाईच्या दुधाचं ताजं चीज किंवा धुरी दिलेलं 'प्रोवोला', जोडीला सलामीचे तुकडे. ताज्या चीजचं पाणी आधी निथळून घ्यावं लागतं, नाहीतर लगदा होतो. वर उरलेला थर, पुन्हा चुरा, आणि तांबूस होईपर्यंत भाजणं.

आता याची जन्मकथा. 1768 साली ऑस्ट्रियाची राजकन्या मारिया कॅरोलिना नेपल्सच्या राजा फर्डिनांडची राणी झाली. तिच्यामुळे दरबारात फ्रेंच स्वयंपाकी आले, लग्नाच्या मेजवानीत गात्तो वाढला गेला, असं सांगतात.

यातला शब्दाचा भाग पटण्यासारखा आहे. फ्रेंच 'गातो' म्हणजे केक. नेपल्सच्या जिभेवर त्याचा 'गात्तो' झाला. तसंच 'मस्य'चं 'मोन्झू' झालं. सरदारांच्या घरच्या मुख्य स्वयंपाक्याला मोन्झू म्हणत; पुढे हा मान स्थानिक स्वयंपाक्यांनाही मिळू लागला.

पण मेजवानीचं काय? तारखा जुळवून बघा. खुद्द फ्रान्समध्ये बटाट्याकडे तेव्हा संशयानं पाहत. पार्मांतिए यांचा बटाट्यावरचा गाजलेला प्रबंध 1773 चा, म्हणजे लग्नानंतर पाच वर्षांनी. ज्या काळी बटाटा गरिबांच्याही ताटात नीट रुळला नव्हता, त्या काळी तो राजाच्या लग्नात मिरवला असेल, हे मानायला आपल्याला जड जातं.

पुढची गंमत अशी. 1793 मध्ये क्रांतिकारकांनी राणीच्या बहिणीचा, मारी आंत्वानेतचा, शिरच्छेद केला. राणी फ्रान्सची कट्टर वैरीण झाली. 1799 मध्ये फ्रेंच फौजा नेपल्समध्ये शिरल्या, प्रजासत्ताक आलं आणि काही महिन्यांत बुडालं. त्याच्या कितीतरी समर्थकांना फाशी झाली. एवढं वैर झालं, तरी स्वयंपाकघरातला फ्रेंच शब्द कुणी हुसकावला नाही.

तो टिकला, कारण पदार्थ दरबाराच्या भरवशावर राहिला नाही. सलामीची शेंडी, चीजचे उरलेसुरले तुकडे, सगळं त्या सारणात खपतं. काटकसरीच्या घराला याहून काय हवं?

आणि हो, त्यांचा 'पताता' नि पोर्तुगिजांकडून आलेला आपला 'बटाटा' एकाच मुळाचे. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या पदार्थाचं श्रेय राजाराणीला दिलेलं ऐकलंत, तर आधी तारखा विचारा. मग घरात तो कोण रांधत होतं, तेही विचारा. आता आपण प्रश्नांकडे वळू.