गिरणीच्या वरच्या मजल्यावर

साल 1943, गाव मिनियापोलिस. पिठाच्या गिरणीचे जिने चढून तुम्ही वरच्या मजल्यावर पोचता. खिडक्यांबाहेर कबुतरांचे थवे घिरट्या घालताहेत. धान्य तिथे कबुतर, हे ओघानंच आलं. आत प्रयोगाला पाखरं कमी पडली, तर खिडकीच्या कट्ट्यावरूनच धरतात.

इथलं काम ऐकून हसू नका. बॉम्बला लक्ष्यावर नेणारा वाटाड्या म्हणून कबुतर तयार करायचं आहे: पडद्यावरच्या लक्ष्यावर ते चोच मारत राहील, तसा बॉम्ब वळत जाईल. पण वॉशिंग्टनचे साहेब निर्णय देईनात, म्हणून मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि त्यांचे दोन सहकारी, केलर ब्रेलँड आणि नॉर्मन गटमन, आज रिकामे आहेत. रिकामपणी उद्योग सुचलाय: कबुतराला बोलिंग शिकवायचं!

पेटीत एक लाकडी चेंडू, शेजारी भुकेलं कबुतर. दाण्याच्या यंत्राचा स्विच तुमच्या हातात. चोचीचा आडवा फटका बसला, की दाबायचा. तुम्ही थांबता. कबुतर पिसं साफ करतं. आणखी थांबता. फटक्याचं नावच नाही. जे कधी केलंच नाही, त्याचं बक्षीस द्यायचं तरी कसं?

मग बेत बदलतो. त्यानं चेंडूकडे नुसतं बघितलं, तरी दाबा. खट्! दाणा. आता मान वळते, पाऊल पुढे पडतं. खट्. उशीर करू नका. क्षणभर चुकलात, तर भलत्याच हालचालीला बक्षीस मिळेल. चोच चेंडूला टेकली की पुढच्या खेपेला नुसतं टेकणं पुरेसं नाही, जरा जोर हवा. दर वेळी अट एक पायरी वर. काही मिनिटांतच चेंडू पेटीच्या भिंतींवर आपटू लागतो आणि तिघेही थक्क होतात. 1938 च्या ग्रंथात स्किनरनी उंदरांवर पुष्कळ लिहिलं होतं, पण हातानं स्विच दाबत, डोळ्यांदेखत वर्तन असं घडताना पाहणं वेगळंच. (अन् खरं सांगा, ‘आता दाब’ हे तुम्हाला कोण शिकवत होतं?)

कबुतरांचा बॉम्ब 1944 मध्ये गुंडाळला गेला. ब्रेलँड मात्र भारावून प्राणी शिकवण्याच्या धंद्यात शिरला.

म्हणून थोडं पुढे या, त्याच्याच एका रॅकूनपाशी. एक नाणं उचलून डब्यात टाकायला तो शिकलाय. आता दोन नाणी द्या. तो ती डब्यात सोडत नाही. दोन्ही पंजांत धरून एकमेकांवर घासतो, डब्यात बुडवून पुन्हा वर काढतो, अन्न धुतल्यासारखी. त्यानं खाणं लांबतं, तरी घासणं वाढतच जातं. ब्रेलँड पती-पत्नींनी 1961 मध्ये अशा फसलेल्या शिकवण्यांवर निबंध लिहिला आणि त्याच्या नावातच स्किनरच्या ग्रंथाला चिमटा काढला. दाणा तोच, हिशेबही तोच. तुम्ही स्विचवर बोट ठेवून बसलाय, आणि रॅकून नाणी घासतोय.