नाशिकचे खांब, विजापूरचा घुमट

मुंबईच्या काळा घोडा भागातील वस्तुसंग्रहालयाला 1998 पासून छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे. त्याआधी ते प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम होते. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी त्याला सरळ 'अजायबघर' म्हणत. नाव बदलावे की नाही यावर पुष्कळ बोलले गेले आहे, ते पुन्हा उगाळण्याची गरज नाही. आम्हाला बोलायचे आहे ते दुसऱ्याच एका नावाविषयी.

या इमारतीच्या शैलीला 'इंडो-सारासेनिक' म्हणतात. उर्दू शाळेतील मुलांना घेऊन आम्ही तेथे गेलो तेव्हा आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, सारासेन कौन थे?" प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना आम्हाला थांबावे लागले. सारासेन हा शब्द युरोपातला. क्रुसेडच्या काळात तिकडचे लोक अरबांना आणि पुढे सरसकट सगळ्या मुसलमानांना या नावाने ओळखत. स्वतःला सारासेन म्हणवून घेणारा मुसलमान इतिहासात सापडायचा नाही. मग मुंबईतल्या दगडी इमारतीला ते नाव कसे चिकटले? इंग्रजांना घुमट दिसला, कमान दिसली, की ती 'सारासेनिक'. म्हणजे बाहेरून आलेली, परक्याची.

इमारतीचा जन्म पाहिला तर गोष्ट वेगळीच निघते. 11 नोव्हेंबर 1905 रोजी प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा बादशहा पाचवा जॉर्ज, याने कोनशिला बसवली. 1909 मध्ये आराखड्यांची स्पर्धा झाली आणि जॉर्ज विटेट या स्कॉटिश वास्तुकाराचा आराखडा निवडला गेला. (गेटवे ऑफ इंडिया याच माणसाचा.) 1914 मध्ये बांधकाम पुरे झाले, पण तेवढ्यात महायुद्ध पेटले आणि नव्या दालनांत लष्करी इस्पितळ आले. लोकांसाठी दरवाजे उघडले ते 10 जानेवारी 1922 रोजी. दगड कुठला? कुर्ल्याचा काळसर बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड. ज्या कुर्ला-मालाडला आमची निम्मी मुले राहतात, तिथल्याच खाणींचा. हे ऐकून मुलांनी भिंतीला हात लावून पाहिला, रखवालदार ओरडला, ते सोडून देऊ.

आणि घुमट? घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला आहे. येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. विजापूर तेव्हा मुंबई इलाख्यातच होते, 1956 पर्यंत राहिले. इंग्रज वास्तुकारांना नमुना शोधायला बगदाद किंवा दमास्कसला जावे लागले नाही. जेम्स फर्ग्युसनने 1866 मध्येच विजापूरच्या इमारतींवर मोठा ग्रंथ काढला होता. विटेटचा वरिष्ठ जॉन बेग याने मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसलाही विजापुरी घुमटच दिला.

गोल घुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाचा मकबरा. तो 1656 मध्ये वारला. बाहेरून घुमटाचा व्यास सुमारे 44 मीटर, आणि खाली सुमारे 18,000 चौरस फुटांचे दालन एकाही खांबाशिवाय उभे. चौकोनी भिंतींवर वर्तुळ बसवायचे कसे, हा सगळ्या घुमटांचा मूळ प्रश्न. विजापूरच्या कारागिरांनी त्यासाठी एकमेकींना छेदून जाणाऱ्या आठ कमानी उभ्या केल्या. दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेवावेत तशी त्यांची रचना. कमानींच्या आतल्या कोपऱ्यांतून अष्टकोन तयार होतो, त्यावर घुमट टेकतो, आणि त्याचे वजन आतल्या बाजूला ओढले जाऊन बाहेरचा रेटा तोलला जातो. आम्ही फळ्यावर दोन चौकोन काढून हे शिकवतो. भूमितीच्या पुस्तकापेक्षा मुलांना लवकर कळते.

या इमारतीचा वास्तुकार म्हणून परंपरा याकूत दाभोळी हे नाव सांगते. दाभोळ म्हणजे आपल्या रत्नागिरीतले दाभोळ, वाशिष्ठीच्या मुखावरचे, आदिलशाहीचे नामांकित बंदर. आमच्या वर्गातील कितीतरी मुलांचे गाव दापोली, मंडणगड, गुहागर. सुट्टीत ती त्याच खाडीवरून तरीने ये-जा करतात. त्यांना सारासेन कोण हे समजावण्यापेक्षा दाभोळचा याकूत कोण हे सांगणे आम्हाला अधिक गरजेचे वाटले. ज्या पोराला शाळेबाहेर कोणीतरी सहज म्हणून जाते की तुमचा इतिहास इथला नाही, त्याच्या हातात निदान एक गाव, एक घुमट आणि एक नाव असू द्यावे.

आत गेल्यावर वस्तू पाहायला दिवस पुरत नाही. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा या भावांचे संग्रह आहेत. अकबराच्या नावाची पोलादी ढाल आहे, 1593 सालची, तिच्यावर बारा राशी कोरलेल्या. मुगल बादशहाच्या ढालीवर मेष-वृषभ पाहून मुले चकित झाली. अकबराच्या चित्रशाळेत सुमारे 1575 मध्ये तयार झालेली 'अन्वार-ए-सुहैली' हीसुद्धा याच संग्रहातली. तिच्या गोष्टी मूळच्या पंचतंत्रातल्या. संस्कृतातून पहलवीत, तिथून अरबीत 'कलीला व दिमना' म्हणून, मग फारसीत, आणि पुन्हा हिंदुस्थानात परत.

एका फारसी पानासमोर आमच्या मुली अक्षरे जुळवून वाचत होत्या. लिपी ओळखीची, अर्थ अर्धामुर्धा. शेजारी दुसऱ्या कुठल्यातरी मराठी शाळेची मुले उभी होती. "तुम्हाला हे वाचता येतं?" त्यांच्यातल्या एकीने विचारले. आमच्या मुलीने 'शेर' या शब्दावर बोट दाखवले आणि म्हणाली, "शेर म्हणजे वाघ." सिंह की वाघ यावर दोन्ही शाळांत बराच वेळ चर्चा चालली. आम्ही मध्ये पडलो नाही.

मधल्या दालनात उभे राहून वर पाहिले की एकमेकींत गुंफलेल्या विजापुरी कमानी दिसतात. मान खाली आणली की कोरीव लाकडी कमानी आणि खांब. नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून विटेटने ते विकत घेतले आणि येथे बसवले. वाड्याचे सुतार कोण होते, त्यांची नावे आमच्या वाचनात कुठे आलेली नाहीत. त्या खांबांना टेकून मुलांनी डबे उघडायचा बेत केला होता. रखवालदार दुसऱ्यांदा आला.