सरळ डोळा आणि जोडीची नजर

तिरळा डोळा सरळ दिसू लागणे आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑर्थॉप्टिस्टचा पेशा या फरकातून जन्मला.

१८३९ मध्ये बर्लिनचे शल्यविशारद डीफेनबाख यांनी स्नायू कापून तिरळा डोळा सरळ केला. ही शस्त्रक्रिया झपाट्याने युरोपभर पसरली. पण कित्येकांचा डोळा पुढे उलट दिशेला वळला. आणि सरळ राहिला तरी तो जोडीदाराला साथ देईलच, असे नव्हते.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये एमील झावाल यांचा जन्म झाला. वडील आणि बहीण सोफी, दोघांनाही तिरळेपणा. शिक्षणाने अभियंता असलेले झावाल त्यापायी वैद्यकाकडे वळले आणि १८६८ मध्ये त्यांनी तिरळेपणावरच प्रबंध लिहिला. स्टिरिओस्कोपमध्ये प्रत्येक डोळ्यासमोर वेगळे चित्र ठेवून, मेंदूला ती दोन्ही एकत्र जुळवायला शिकवायचे, ही त्यांची पद्धत. १८९६ मध्ये त्यांनी ती ग्रंथरूपाने मांडली.

उपाय चिकाटीचा होता. महिनोन् महिने एकेका मुलापाशी बसायला डॉक्टरांना सवड कुठली? इंग्लंडमध्ये नेत्रतज्ज्ञ अर्नेस्ट मॅडॉक्स यांनी आपली कन्या मेरी हिला हे काम शिकवले. मेरी मॅडॉक्स पहिल्या ऑर्थॉप्टिस्ट मानल्या जातात. १९३७ मध्ये ब्रिटनमध्ये या व्यवसायाची संघटनाही उभी राहिली.

या कामाला घाई का, हे ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजरीच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांतून उमगले. कोवळ्या वयात एक डोळा झाकून ठेवला, तर तो पुढे उघडूनही मेंदूतल्या बहुतेक पेशी त्याला दाद देत नाहीत. या शोधासाठी त्यांना १९८१ मध्ये नोबेल मिळाले.

म्हणूनच आज ऑर्थॉप्टिस्ट आळशी डोळ्याला कामाला लावण्यासाठी चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक तास पट्टी लावायला सांगतात. पक्षाघात किंवा डोक्याच्या दुखापतीनंतर एकाचे दोन दिसणाऱ्या प्रौढांना प्रिझमचा चष्मा देऊन त्या दोन प्रतिमा पुन्हा एकत्र आणतात.

प्रौढ माणूस निदान तक्रार तरी करतो. मूल करत नाही. एका डोळ्याने त्याचे सगळे भागत असते. ‘मोठेपणी सुटेल’ म्हणत आपण थांबतो, तेव्हा त्या डोळ्याची शिकण्याची वर्षे निघून जात असतात.