एमपी३ प्लेअर, त्याची केबल आणि कॉम्प्युटर

खिशात मावणारा डिजिटल म्युझिक प्लेअर १९९८ मध्ये बाजारात आला, तेव्हा तो विकत घेऊन लगेच गाणी ऐकता येत नव्हती. वॉकमनमध्ये कॅसेट घातली की काम भागत असे. या नव्या यंत्रात घालायला काहीच नव्हते. गाणे आधी कॉम्प्युटरवर असावे लागे आणि तिथून केबलने आत सोडावे लागे. म्हणजे गिऱ्हाईक डबी एक घेत असले, तरी तिच्याबरोबर एक केबल आणि कॉम्प्युटरवर टाकायचा एक प्रोग्रॅमही त्याच्या गळ्यात पडत होता. जाहिराती डबीच्या रूपाच्या आणि मेमरीच्या असत. पण कोणता प्लेअर टिकला आणि कोणता अडगळीत गेला, हे बहुतेक वेळा उरलेल्या दोन वस्तूंनी ठरवले.

यंत्राआधी फाइल आली. सीडीवरच्या गाण्याचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि तेही दोन चॅनेलचे. त्यामुळे एक मिनिटाचे संगीत सुमारे १० एमबी जागा खाते. जर्मनीतल्या एर्लांगेन गावी फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा बोजा कमी करण्याची रीत बसवली. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही; मग तो साठवायचा कशाला, हे तिच्यामागचे तत्त्व. मूळ हेतू खिशातल्या यंत्राचा नव्हताच, टेलिफोनच्या तारेवरून संगीत पाठवण्याचा होता. १२८ केबीपीएस या दराने मिनिटाचे संगीत जेमतेम १ एमबीत बसू लागले. १९९५ च्या जुलैत या फाइलींना ‘.एमपी३’ हे शेपूट मिळाले. पुढच्या दोन-तीन वर्षांत घरचे कॉम्प्युटर इतके वेगवान झाले, की सीडी ड्राइव्हमध्ये घातलेली तबकडी तिथल्या तिथे एमपी३ करून ठेवता येऊ लागली.

पहिला प्लेअर दक्षिण कोरियातल्या सेहान कंपनीचा ‘एमपीमॅन’. १९९८ च्याच उत्तरार्धात अमेरिकेत डायमंड मल्टिमीडियाचा ‘रिओ पीएमपी३००’ आला. किंमत सुमारे २०० डॉलर, मेमरी ३२ एमबी, आत एक साधा पेन्सिल सेल. जाहिरातीत तासभर संगीताचा दावा होता, पण तो आवाजाचा दर्जा बराच खाली आणला तरच खरा. १२८ केबीपीएसने भरले तर अर्ध्या तासाच्या थोडे पुढे मजल जाई. जोडणी पॅरलल पोर्टला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे जिथे प्रिंटर लागतो तिथे. आज ऐकायचे ते आज भरायचे आणि उद्या पुसून दुसरे भरायचे, असा हा व्यवहार. रोज टेबलाखाली वाकून मागची पिन शोधण्याची हौस फारच थोड्यांना असणार.

तरीही या अर्ध्या तासाच्या डबीने अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची झोप उडवली. त्यांची संघटना आरआयएए ऑक्टोबर १९९८ मध्ये कोर्टात गेली. १९९२ च्या एका कायद्याप्रमाणे घरगुती डिजिटल रेकॉर्डिंग यंत्रात नकलेची नक्कल होऊ न देणारी सोय असणे सक्तीचे होते आणि प्रत्येक यंत्रामागे रॉयल्टीही द्यावी लागे. कायदा झाला तेव्हा डोळ्यांसमोर डिजिटल टेप होती. रिओमध्ये तशी सोय नाही आणि रॉयल्टीही भरलेली नाही, म्हणून विक्री थांबवा, अशी मागणी होती. जून १९९९ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ती फेटाळली. त्यामागची कारणे मजेदार आहेत. रिओ थेट सीडीवरून किंवा रेडिओवरून काहीच उतरवू शकत नाही. त्यात जे येते ते कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवरून येते. हार्ड डिस्कवर गाण्यांखेरीज इतर शंभर गोष्टी असतात, म्हणून ती कायद्याच्या व्याख्येतली ‘संगीताची रेकॉर्ड’ नव्हे. कॉम्प्युटरही मुख्यतः गाण्यांच्या नकला काढण्यासाठी विकला जात नाही, म्हणून तोही रेकॉर्डिंग यंत्र नव्हे. सबब रिओ कायद्याच्या कक्षेबाहेर. आपल्याकडचे गाणे आपल्याच वापरासाठी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे हे त्या कायद्याच्या हेतूशी जुळणारेच आहे, असेही न्यायालयाने नोंदवले. थोडक्यात, कॉम्प्युटरवाचून रिओचे पान हलत नव्हते आणि याच परावलंबनाने त्याला वाचवले. हा निकाल उलटा गेला असता, तर पुढच्या दहा वर्षांतले निम्मे प्लेअर निदान अमेरिकेत तरी दिसले नसते.

निकालाच्याच वर्षी ‘रिओ ५००’ यूएसबी घेऊन आला. पॅरलल पोर्टच्या मानाने ही मोठी सुटका होती, पण विंडोज ९८ ला प्रत्येक यंत्राची ओळख वेगळी करून द्यावी लागे. खोक्यात ड्रायव्हरची सीडी असे आणि माहितीपत्रकात ठळक सूचना: आधी सीडी टाका, मगच केबल लावा. घाईने केबल आधी लावणाऱ्याच्या पडद्यावर अनोळखी उपकरणाची नोंद होई आणि ती काढून टाकण्यात संध्याकाळ जाई. याच सुमारास निवड दोन वाटांनी फुटली. एका बाजूला ३२ किंवा ६४ एमबीचे फ्लॅश प्लेअर होते; हलके, धक्क्याने न अडखळणारे, पण मोजकी गाणी घेणारे. दुसऱ्या बाजूला हार्ड डिस्कचे प्लेअर. कॉम्पॅकच्या संशोधन केंद्रात घडलेला ‘पर्सनल ज्यूकबॉक्स’ १९९९ मध्ये सुमारे ५ जीबी घेऊन आला, तर क्रिएटिव्हचा ‘नोमॅड ज्यूकबॉक्स’ २००० मध्ये ६ जीबी घेऊन. नोमॅड आकाराने सीडी प्लेअरएवढा होता, त्यामुळे खिशाचा प्रश्नच मिटला. खरी अडचण भरण्याची होती. यूएसबीच्या पहिल्या पिढीचा कागदावरचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट; प्रत्यक्षात त्याहून कमी. अशा नळीने ६ जीबी भरायला तास लागत.

ॲपलने २३ ऑक्टोबर २००१ रोजी ‘आयपॉड’ जाहीर केला तेव्हा हार्ड डिस्कचा प्लेअर ही नवलाई उरली नव्हती. नवे होते ते तोशिबाची १.८ इंची डिस्क वापरून साधलेले आकारमान आणि फायरवायरची केबल. फायरवायरचा वेग सेकंदाला ४०० मेगाबिट असल्याने हजार गाणी दहा मिनिटांच्या आत भरतात, असा कंपनीचा दावा होता. शिवाय त्याच केबलने बॅटरीही चार्ज होई. किंमत ३९९ डॉलर आणि अट अशी, की कॉम्प्युटर मॅकच हवा. विंडोजवाल्यांना २००२ मध्ये म्युझिकमॅच या दुसऱ्याच प्रोग्रॅमच्या आधाराने प्रवेश मिळाला, तर विंडोजसाठीचे आयट्यून्स ऑक्टोबर २००३ मध्ये आले. आयपॉडची विक्री उसळली ती त्यानंतर.

आयट्यून्सची शिस्त कडक होती. केबल लावली की प्रोग्रॅम आपोआप उघडे आणि कॉम्प्युटरवरचा संग्रह जसाच्या तसा आयपॉडमध्ये उतरवी. इकडे पुसलेले तिकडेही पुसले जाई. आयपॉड एकाच कॉम्प्युटरच्या संग्रहाला बांधलेला असे. मित्राच्या कॉम्प्युटरला लावून सूचनेकडे न पाहता होकार दिला, तर आधीची सगळी गाणी जात. आयपॉडमधून गाणी परत कॉम्प्युटरवर घेण्याची वाटही मुद्दाम बंद होती: फाइली लपवलेल्या फोल्डरांत, एफ००, एफ०१ अशा निरर्थक नावांखाली विखुरलेल्या असत. पहिल्या आयपॉडच्या वेष्टनावर गाणी चोरू नका, असा उपदेशही छापलेला होता. ॲपलला पुढे रेकॉर्ड कंपन्यांच्या साथीने गाण्यांचे दुकान थाटायचे होते. एप्रिल २००३ मध्ये ते निघालेही, ९९ सेंटला एक गाणे. विकत घेतलेले हे कुलूपबंद गाणे दुसऱ्या कंपनीच्या प्लेअरवर वाजत नसे.

सोनीची गोष्ट अधिक केविलवाणी. वॉकमनचा मान तिच्याकडे होता, पण रेकॉर्ड कंपनीही तिचीच होती. तिच्या सुरुवातीच्या प्लेअरांना एमपी३ थेट चालत नसे. प्रत्येक गाणे आधी एट्रॅक या सोनीच्या स्वरूपात बदलून घ्यावे लागे. एक गाणे ठरावीक वेळाच बाहेर ‘चेक-आउट’ करता येई आणि ते परत जमा केल्याशिवाय पुढची प्रत मिळत नसे. स्वतःच्याच गाण्यांवर वाचनालयाचे नियम लावून घेणारे गिऱ्हाईक सापडणे अवघड होते. २००४ मध्ये सोनीने एमपी३ ला दार उघडले, तोवर बाजार हातून गेला होता. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ‘प्लेजफॉरशुअर’ हा शिक्का काढला: शिक्का असलेल्या दुकानातले गाणे शिक्का असलेल्या कोणत्याही प्लेअरवर वाजेल. दोन वर्षांनी तिने ‘झून’ हा स्वतःचा प्लेअर आणला, त्यावर मात्र ती गाणी वाजत नव्हती.

या कुलूपकिल्ल्यांपासून दूर एक तिसरा प्रकार निमूटपणे वाढत होता. क्रिएटिव्हच्या ‘मूव्हो’सारखे, पेनड्राइव्हच्या धर्तीचे हे प्लेअर कॉम्प्युटरला लावले की साध्या ड्राइव्हसारखे दिसत, फोल्डर उचलायचे आणि त्यात टाकायचे. विंडोज एक्सपीवर सीडी नको, प्रोग्रॅम नको. भारतातल्या बाजारात आलेले बिननावाचे चिनी प्लेअर बहुतेक याच जातीचे. त्यांच्या खोडी होत्या. पुष्कळ स्वस्त प्लेअर गाणी नावाच्या क्रमाने लावत नसत. फाइली ज्या क्रमाने मेमरीत लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवत. क्रम बदलायचा तर सगळे पुसून पुन्हा एकेक टाकावे लागे. सॅनडिस्कच्या ‘सान्सा’त केबलची बोलण्याची पद्धत निवडण्याची सोय होती, एमएससी की एमटीपी. एका पद्धतीत टाकलेली गाणी दुसऱ्या पद्धतीत कॉम्प्युटरला दिसतच नसत, आणि प्लेअरमध्ये जागा कशाने भरली या कोड्याने मालक हैराण होई.

मराठी गाण्यांना आणखी एक जाच होता. गाण्याचे नाव आणि गायक यांची माहिती फाइलीलाच जोडलेली असते. तिच्या पहिल्या पद्धतीत एकूण १२८ बाइट आणि नावाला फक्त ३० अक्षरे मिळत, तीही रोमन. नंतरच्या पद्धतीत देवनागरीची सोय झाली, पण प्लेअरमध्ये देवनागरी फाँट नसे आणि पडद्यावर चौकोन उमटत. त्यामुळे भावगीतांचे आणि अभंगांचे संग्रह रोमन लिपीतच राहिले. ‘भोसले’ हे आडनाव रोमनमध्ये कोणी एक ‘ए’ घालून लिही, कोणी न घालता. प्लेअर त्याला दोन गायिका समजे आणि आशाबाईंची गाणी दोन याद्यांत वाटली जात.

२००५ च्या सुमारास मोबाइल फोनच गाणी वाजवू लागला आणि वेगळ्या प्लेअरची निवड करण्याची गरज ओसरली. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत ज्यांच्या घरी कॉम्प्युटरच नव्हता, त्यांच्यासाठी हे काम मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानांनी उचलले. एसटी स्टँडजवळच्या दुकानात मेमरी कार्ड काढून द्यायचे, लोकगीते, भक्तिगीते, नवी हिंदी असे सांगायचे आणि थोड्या पैशांत कार्ड भरून न्यायचे. रेकॉर्ड कंपन्यांना यातून काही मिळत नसे. स्वस्त मोबाइल डेटा आल्यावर हा धंदा बसला. आयपॉडची हार्ड डिस्कवाली जात २०१४ मध्ये बंद झाली, नॅनो आणि शफल २०१७ मध्ये, उरलेला आयपॉड टच २०२२ मध्ये. २०१७ मध्येच फ्राउनहोफरने एमपी३ चे परवाने देणे थांबवले, कारण पेटंटांची मुदत संपली होती. त्याच वर्षी सारेगामाने ‘कारवाँ’ हा जुन्या रेडिओच्या रूपाचा प्लेअर भारतात आणला. त्यात ५,००० हिंदी गाणी कारखान्यातच भरलेली होती आणि पुढे त्याची मराठी आवृत्तीही निघाली. पेनड्राइव्हसाठी खाच त्यालाही आहे, पण तो कॉम्प्युटरला जोडल्यावाचून पहिल्या दिवसापासून वाजतो.